अंगठ्याची शिवण

खेळाच्या सामानाच्या दुरुस्तीच्या त्या दुकानात दोन दिवस एकच विषय चघळला जात होता : राणीपुढे उभं कोणाला करायचं?

राणी म्हणजे बॉक्सिंगची विजेती. सहा वर्षांत तिला कोणी हरवलं नव्हतं. तिला आव्हान द्यायला क्लबमधल्या तिघींतून एकीला निवडायचं होतं आणि मास्तर संध्याकाळपर्यंत नाव कळवणार होते. तिघींपैकी एक होती दुकानात शिवणकाम करणाऱ्या मावशींची सख्खी भाची. म्हणूनच मावशींचा दोरा आज सुईत जायला तयार नव्हता.

"शिडीला पाठवा," मालक म्हणाले. शिडी म्हणजे तिघींतली सगळ्यांत उंच. "हात केवढे लांब आहेत तिचे. राणी जवळ यायच्या आत खेळ खलास."

"मालक, शिडीला स्वतःचे पाय सापडत नाहीत, राणी कुठून सापडायला?" भाची टेबलाच्या कडेवर बसून पाय हलवत होती.

"बरं, मग घुमी?"

"घुमी चांगली आहे हो. पण ठोसा बसला की नाही हे तिलाच विचारावं लागतं, आणि ती बोलत नाही."

मालक पोट धरून हसले. "म्हणजे राहिलीस तूच. तसंही खरंच आहे ते. या हंगामात तुझे ग्लोव्हज चारदा उसवले. शिडीचे एकदा, घुमीचे एकदाही नाहीत. जोर कोणात आहे हे सांगायला पंच कशाला हवा?"

मावशी गालातल्या गालात हसल्या. त्यांनाही तसंच वाटत होतं.

तेवढ्यात मास्तर पिशवी घेऊन आले. लढतीआधी तिघींचेही ग्लोव्हज तपासून घ्यायचे होते. त्यांनी तिन्ही जोड टेबलावर मांडले आणि म्हणाले, "मावशी, माझं डोकं चालेनासं झालंय. तुम्ही हे रोज हाताळता. तुम्हाला कोण वाटतं?"

भाचीचे पाय हलायचे थांबले.

तिन्ही जोड शेजारी शेजारी मावशींनी आजवर कधी पाहिले नव्हते. ते एकेक करून यायचे आणि शिवून जायचे. त्यांनी अंगठ्याने घुमीचा ग्लोव्ह दाबला. पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी आतली गादी बसून पार चपटी झाली होती, दोन्ही हातांची, अगदी एकाच जागी. बाकी सगळीकडे ती नव्यासारखी. शिवण शाबूत. मग त्यांनी भाचीचा घेतला. त्याच जागी गादी फुगलेली होती. जे काही फाटलं होतं ते अंगठ्याच्या शिवणीवर.

मावशींनी दोन्ही पुन्हा दाबून पाहिले. घाईने बोलण्यासारखं ते नव्हतं.

सरळ बसलेला ठोसा गादी दाबतो. तिरका बसलेला अंगठा ओढतो.

भाची त्यांच्याकडेच बघत होती. 'सगळे ठीक आहेत' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"घुमीला पाठवा, मास्तर," मावशी म्हणाल्या आणि का ते बोट ठेवून दाखवलं. "आणि चूक माझी आहे. हिची शिवण उसवली की मी ती दुहेरी घालायचे, मेण लावलेल्या दोऱ्याने. पोरीला त्रास नको म्हणून. चार वेळा उसवली, तीच एकेरी घातली असती तर दहा वेळा उसवली असती. मग तुमच्याही लक्षात आलं असतं."

मालक आधीच स्वच्छ असलेलं काउंटर पुसू लागले.

भाची उतरली, ग्लोव्ह चढवला आणि म्हणाली, "मास्तर, तळहात समोर धरा." तिने सावकाश ठोसा मारला. मग आणखी सावकाश. तिसऱ्यांदा तिने हात मध्येच थांबवला आणि वाकून पाहिलं.

"अंगठाच आधी लागतोय की," ती म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाजात राग कमी आणि नवल जास्त होतं. "एवढी वर्षं मी राणीला अंगठा दाखवायला निघाले होते."

मास्तरांना हसू आवरेना.

"घुमीला सरावाला समोर कोणीतरी लागेल ना?" भाची म्हणाली. " मी येते रोज. तिचा हात सरळ कसा जातो ते मला समोरून बघायचंय."

"समोरून म्हणजे नाकावर बसेल," मास्तर म्हणाले.

"नाकावर तर नाकावर. पुढच्या वर्षी मीच आहे." तिने ग्लोव्ह काढून मावशींपुढे ठेवला. "आणि मावशी, तू ती शिवण काढ. एकेरी घाल."

"पुन्हा उसवेल गं."

"उसवू दे. मला कळायला नको?"

मावशींनी कात्री उचलली. स्वतःचेच टाके, पण हलायला तयार नाहीत. अर्धा तास गेला तरी निम्मी शिवण जागची हलली नव्हती.

"एवढं पक्कं शिवतं का कोणी?" मालकांनी विचारलं.

"भाचीचं होतं," मावशी म्हणाल्या आणि पुढचा टाका कापला.