तलावाच्या पाळीवर दाखवलेला येशू

गोंदियाच्या बाजारात एका धान्याच्या दुकानामागे अंधारी खोली आहे. तिथे पोत्यांच्या आडोशाला सिनेमा दाखवणारे एक जुने यंत्र पडले आहे. मित्रांनो, ते यंत्र म्हणजे मी.

माझा जन्म विलायतेत झाला. मला वीज लागत नसे. पोटात गॅसची बत्ती पेटवली आणि बाजूची मूठ हाताने फिरवली, की समोरच्या पांढऱ्या कापडावर चित्रे चालू लागत. मुंबईहून जुन्या मालात मी गोंदियाला आले आणि यादोरावांच्या घरी राहिले. यादोराव पूर्वी दंडार या इकडच्या लोकनाट्यात सोंगे करत. आवाज खणखणीत. तेव्हा सिनेमा मुका होता, म्हणून ते पडद्याशेजारी उभे राहून सगळी कथा तोंडाने सांगत. त्यांचा धाकटा भाऊ बकाराम माझी मूठ फिरवी. दोघे मला बैलांच्या बंडीत गवतावर निजवून गावोगाव नेत. माझे भिंग यादोराव कोणाला पुसू देत नसत.

एकोणीसशे तीस सालच्या दिवाळीनंतर मिशनच्या पाद्रीसाहेबांनी त्यांना येशूच्या आयुष्यावरचा सिनेमा दिला. फुकट दिला, फक्त गावांत दाखवा म्हणाले.

"फुकट कायले देऊन राह्यला हा?" बकाराम म्हणाला.

यादोरावांनाही तो प्रश्न पडला होता. पण जुनी रिळे फाटली होती आणि लोक तेच तेच पाहून कंटाळले होते. त्यांनी रिळे घेतली.

दरेकशाच्या डोंगराकडे जाताना एक गाव लागते. तिथल्या लोकांच्या पूर्वजांनी मोठा तलाव बांधला आहे. आम्ही पोचण्याआधीच तिथे बातमी पोचली होती, की या यंत्राचा उजेड ज्याच्या अंगावर पडेल तो किरिस्ताव होईल. गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, केशोराव यांनी लोकांना तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, पडद्यापासून लांब बसवले. स्वतः मात्र माझ्या शेजारी खाट टाकली आणि मांडीवर काठी आडवी घेतली.

"यादोराव," ते म्हणाले, "धरम बदलाची गोठ काढली, तर हे यंत्र तलावात जाईन."

मला पाण्याचा वास येत होता. मी घाबरले.

त्यातच एक दारोगा येऊन उभा राहिला. त्या पावसाळ्यात लोकांनी सत्याग्रह म्हणून सरकारी जंगलात घुसून गवत कापले होते आणि जंगल कायदा मोडला होता. तेव्हापासून चार माणसे एकत्र दिसली तरी पोलिसांना शंका येई. गवत कापणाऱ्यांत या गावचा जागेश्वर होता. तो तुरुंगात होता. त्याच्या विधवा आई शामकलाबाई पाळीच्या टोकाला एकट्याच बसल्या होत्या.

दिवस मावळला आणि खेळ सुरू झाला. पडद्यावर येशू आला. गोरापान, फिकट डोळ्यांचा.

"हा तं कलेक्टरसायबावानी दिसते," कोणी म्हणाले. केशोरावांनी काठी घट्ट धरली. त्यांना वाटले, साहेबाचाच देव आहे, संशय खरा ठरला. पण थोड्या वेळाने शिपाई आले, तेही गोरेच. त्यांनी त्या देवाच्या मुसक्या बांधल्या, त्याला चाबकाने मारले, खांद्यावर लाकडाचा क्रूस दिला. साहेबाचे शिपाई साहेबाच्याच देवाला का मारतात, हे कोणाला उमजेना. पडद्यावर त्याची आई गर्दीतून वाट काढत मागे धावत होती.

शामकलाबाई उभ्या राहिल्या. "काय केलं होतं त्यानं?"

पाद्रीसाहेबांनी सांगायचे शब्द यादोरावांना पाठ करून दिले होते. ते शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. "काई नाई केलं, बाई," ते म्हणाले. "कायदा त्यायचा, शिपाई त्यायचे."

"आपल्या जागेश्वरालेबी असंच नेलं," मागून एक आवाज आला. मग पाळीवर कुजबुज पसरली.

"बंद करो," म्हणत दारोगा माझ्यासमोर आला. त्याची भली मोठी काळी सावली पडद्यावर, क्रूसावर पडली. बकारामचा हात थांबला.

दारोगा केशोरावांकडे वळला. "मालगुजार, ये आदमी सरकार के खिलाफ बोला. तुमने सुना है ना?"

केशोराव 'हो' म्हणाले असते, तर यादोराव तुरुंगात गेले असते आणि पाद्रीच्या सिनेमाची कटकटही टळली असती. दारोगाला ते ठाऊक होते. केशोरावांनी पाळीकडे पाहिले. शामकलाबाई अजून उभ्याच होत्या.

"तो देवाची कथा सांगून राह्यला होता," केशोराव म्हणाले. "पाद्रीच्या देवाची. मी ध्यान देऊन आयकत होतो."

"किरिस्तान हो गये क्या?"

"नाई झालो. पन कथा पुरी पायची हाये मले. तुमच्याच सायबाचा देव हाये. बंद कराचा असंन तं सायबाले इचारून या."

दारोगा बाजूला झाला आणि मूठ पुन्हा फिरू लागली. शेवटी मेलेला येशू उठून चालू लागला, तेव्हा शामकलाबाईंनी विचारले, "माहा पोरगा येईन का?"

केशोरावांनी काठी खाली ठेवली. "उद्या सकारी बंडी जुपतो," ते म्हणाले. "जेलात जाऊन त्याले भेटू."

आणि ते खरेच गेले.

पण संशय तिथे संपला नाही, मित्रांनो. यादोरावांनी कथा बिघडवली असे पाद्रीसाहेबांच्या कानावर गेले आणि त्यांनी रिळे परत नेली. दारोगा पुढे दोन वर्षे आमची बंडी अडवून झडती घेत असे. गावात एका लग्नाच्या पंगतीत केशोरावांच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापल्या पत्रावळी सरकवून घेतल्या, कारण भर गावात त्यांनीच ती कथा ध्यान देऊन ऐकल्याचे कबूल केले होते. तेव्हा शामकलाबाई बायकांच्या पंगतीतून उठल्या आणि आपली पत्रावळ त्यांच्या शेजारी मांडून जेवायला बसल्या. बकारामने हे स्वतः पाहिले आणि घरी येऊन सांगितले.

पुढे बोलपट आले. यादोरावांचा आवाज कोणाला लागेना, मीही लागेना. ते गेल्यावर बकारामने मला या खोलीत ठेवले. आता माझ्या भिंगावर बुरशी आहे आणि मुठीला गंज चढला आहे. यंत्राला थोडे तेल आणि कोरडी जागा लागते. मित्रांनो, माझ्यासाठी एवढेच करा. माणसाला काय लागते, ते शामकलाबाईंना ठाऊक होते.