चौथी पिशवी

चौथी पिशवी कोरडी निघाली.

तीन पिशव्या काळ्या ऑइलने बरबटलेल्या होत्या. चौथी अंगणातल्या खुरसाच्या, म्हणजे क्रुसाच्या, पायरीवर, दगडाखाली, घडीसुद्धा न मोडता पडलेली. आणि माझी बायको कार्मेलिना गाडी घेऊन दहा मिनिटांपूर्वी फाटकाबाहेर गेली होती.

आमच्याकडे खाऱ्या हवेने गाडीचा तळ सडतो. पत्रा हातात येतो, पापडासारखा. म्हणून पावसाआधी गाडीच्या पोटाला जळकं ऑइल फासायचं. मी हे इतकी वर्षं ब्रशने करत आलो, जमिनीवर उताणा पडून. यंदा गुडघ्यांनी साफ नाही म्हटलं. मग मी माझी अक्कल चालवली. ऑइलात डिझेल मिसळलं, आंब्याला फवारणी करायचा पंप पाठीला लावला आणि नळी गाडीखाली घालून सगळा तळ काळाकुट्ट करून टाकला. चाकांवर तेल उडू नये म्हणून आधी चारही चाकांना तांदळाच्या रिकाम्या पिशव्या बांधायच्या होत्या. तीन बांधल्या. चौथी पुढच्या डाव्या चाकाला बांधणार, तेवढ्यात फाटकात म्हावरेवाली ओरडली. बांगडे फडफडीत होते. मी ते घेतले, साफ करून ठेवले, परत आलो आणि सरळ पंप उचलला.

ही कालची गोष्ट. आज पिशव्या गोळा करताना कळलं.

पुढच्या चाकाच्या ब्रेकची तबकडी उघडीच असते. तिला तेल लागलं की ते चाक धरत नाही. उजवं धरतं, डावं धरत नाही, आणि गाडी उजवीकडे फेकली जाते. कार्मेलिना शनिवारच्या कन्फेशनला निघाली होती, खाडीपलीकडच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये. म्हणजे वाटेत तरीची घाटी. तीन वळणांचा उभा उतार, आणि उजव्या हाताला कठडा नाही, खाली काजूची घळ आणि खाडी.

मी फोन लावला. वाजला, वाजला, बंद पडला. परत परत लावला, सात वेळा. ती कशाला उचलते! गाडी चालवताना कोणाचाही फोन उचलायचा नाही, माझासुद्धा नाही, हा नियम मीच ओरडून ओरडून केलेला. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई आहे, नियम म्हणजे नियम.

आणखी एक नियम फ्रिजच्या दारावर चिकटवलेला आहे. गाडी पंचवीस वर्षांची, रोज काहीतरी निघतं, आणि मी बोटीच्या इंजिनरूममध्ये बावीस वर्षं फिटर होतो. दुसऱ्या कोणी माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं की माझं डोकं फिरतं. त्यावरून आमची एवढी भांडणं झाली की शेवटी तिने कागद घेतला आणि वाटण्या केल्या. ऑइल, प्लग, बेल्ट, बॅटरी, दिवे, तळाचं फासणं हे आग्नेलने करायचं. ब्रेक, स्टेअरिंग आणि क्लच चंदनच्या गॅरेजात. चंदन तिचाच विद्यार्थी. मी कबूल झालो आणि शब्दही पाळला. आजवर ब्रेकला स्क्रू ड्रायव्हर लावला नाही. आता लावायची गरजच काय, मी लांबूनच फवारून ठेवला होता! आवशीक खाव त्या पंपाक!

पण खरी आग वेगळीच होती. मागच्या आठवड्यात चंदनच्या तोंडून निसटलं, "परवा टीचर प्लग दाखवून गेल्या ना, काका." मी विचारलं, कसले प्लग? ते तर मी बसवले. मग बिचारा चाचपडायला लागला. निघालं असं की मी गाडीला हात लावला की दुसऱ्या दिवशी ही गुपचूप चंदनकडे जाते आणि माझं काम तपासून घेते. कित्येक वर्षं! घरी येऊन मी जे काही बोललो ते शेजाऱ्यांना अजून पाठ असेल. बोटीवर ज्याच्या भरवशावर तीस माणसं झोपायची, त्याच्या बायकोचा त्याच्यावर भरवसा नाही? मी तिला सायबिणीची, म्हणजे देवमातेची, शपथ घ्यायला लावली. तसबिरीसमोर उभं करून. पुन्हा माझं काम चंदनला दाखवणार नाहीस. तिने माझ्याकडे न बघता शपथ घेतली.

म्हणजे आज ती थेट घाटीत जाणार होती. मीच तिला लावून दिलं होतं.

मी शेजारच्या बाबलीच्या अंगणात धावलो.

"बाबली, स्कूटरची चावी दी!"

"काय झाला रे?"

"चावी दी मेल्या, मगे सांगतंय!"

तिठ्यावर क्षणभर थांबलो. डावीकडे बाजार, उजवीकडे घाटी. चंदनचं गॅरेज बाजाराच्या अंगाला. मनात आलं, गेली असेल तिकडे? पण नाही. सायबिणीची शपथ कार्मेलिना मोडणार? ती चिमूटभर साखर उसनी आणली तरी वाटी भरून परत करणारी बाई. मी उजवीकडे वळलो.

पहिलं वळण, गाडी नाही. दुसरं वळण, नाही. तिसऱ्या वळणावर स्कूटरचे दोन्ही ब्रेक आवळले तरी चाक घसरलं, आणि मला कळलं तिचं काय झालं असेल. खाली पुलावर लवू गरी टाकून बसला होता.

"लवू, टीचर गेली काय हयसून? पांढरी मारुती?"

"नाय बा. जेवान इल्यापासून हंयच आसंय. एक टेम्पो गेलो, तितकोच."

घरून निघाली आणि पुलावर पोचली नाही. मध्ये फक्त घाटी.

मी स्कूटर तिथेच टाकली आणि चालत वर चढायला लागलो, कडेकडेने, खाली बघत. कुठे झुडूप मोडलंय का, माती उकरली गेलीय का. दुसऱ्या वळणाखाली काजूच्या पानांत काहीतरी पांढरं दिसलं. मी बसत, घसरत खाली उतरलो, गुडघे गेले खड्ड्यात. सिमेंटचं फाटकं पोतं होतं. मी त्या पोत्याजवळ उभा राहून "कार्मेलिना, गो कार्मेलिना" अशा हाका मारत राहिलो. घसा बसला. आयुष्यात एवढा कधी घाबरलो नव्हतो. बोटीला आग लागली होती तेव्हासुद्धा नाही. माझ्या मनात सारखं एकच येत होतं, बांगडे. बांगड्यांपायी बायको घालवली.

खिशात फोन वाजला. चंदन.

"काका, वायच आयकात. रागावू नकात. गाडी माज्याकडे आसा."

मी त्या पोत्यावरच बसकण मारली.

"पुढच्या डाव्या चाकाक ऑइल लागलेला आसा, काका. सगळा चिकट झाला. तुमका सांगूक व्हया म्हणान फोन केलंय. टीचर नको म्हणतत, पण..."

"ती बरी आसा?"

"कोण, टीचर? चाय पितत."

मी घळीतून कसा वर आलो आणि पायी बाजारापर्यंत कसा पोचलो ते देवाला ठाऊक.

गॅरेजात गाडी जॅकवर होती, डावं चाक काढून भिंतीला लावलेलं. कार्मेलिना इगर्जीत जायच्या साडीत स्टुलावर बसली होती, पर्स छातीशी धरून. मला बघताच उठून उभी राहिली.

"बोंबलू नको, आग्नेल. मिया शपथ मोडलंय. तुझे सात कॉल बघलंय, पण उचलून काय सांगू, खंय आसय म्हणान? फादराक आज सांगतलंयच मिया."

ओरडायचं तर दूर राहिलं, मी तिथेच ऑइलाच्या डागांत खाली बसलो आणि ढसाढसा रडलो. चंदन पाठ फिरवून पाने शोधायला लागला. कार्मेलिना घाबरली. मी कधी रडत नाही.

"असां काय रे? काय झाला? तुज्या पॅन्टीक माती खंयची?"

मी सगळं सांगितलं. पिशवी, बांगडे, घाटी, पोतं. ती ऐकत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला. मग तिने स्वतःचा अर्धा चहा माझ्या हातात दिला.

"तुजो माज्यार विश्वास नाय," मी म्हटलं. आता त्यात राग नव्हता.

"गाडी पंचवीस वर्सांची, तू अडुसष्टाचो," ती म्हणाली. "दोघांकय कोणाक तरी दाखवूक नको?"

मी चहा संपवला आणि चंदनला विचारलं, "खरा सांग. माज्या कामात आजपर्यंत किती वेळा चूक गावली?"

चंदनने माझ्याकडे बघितलंच नाही. त्याने टीचरकडे बघितलं. टीचर जॅककडे बघत होती.

"आज पयलीच खेप, काका," तो म्हणाला, आणि त्याचे कान लालबुंद झाले. बाईंच्या समोर खोटं बोलायची त्याला सवय नसावी. मी पुन्हा विचारलं नाही.

"तळाचा ऑइल यापुढे तुझ्याकडे," मी म्हटलं. "फ्रिजवर लिवून ठेवतंय."

त्याने तबकडी धुतली, नवीन पॅड घातले, गाडी दोनदा फिरवून आणली. मग म्हणाला, आता जावा. कार्मेलिना स्टेअरिंगवर बसली. मी बाजूला. घाटीच्या तोंडाशी तिने ब्रेकवर पाय ठेवला तेव्हा माझा पायही खालच्या पत्र्यावर दाबला गेला. गाडी सरळ उतरली, एक बोटभरसुद्धा इकडेतिकडे न होता. पुलावर लवूने हात केला. त्याच्या बाजूला बाबलीची स्कूटर आडवी पडलेलीच होती.

इगर्जीत रांग लहान होती. कार्मेलिना रांगेत उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन. तिच्यासोबत आलो तर मी मागच्या बाकावर बसून वाट बघायचो. अकरा वर्षं मी त्या रांगेत उभा राहिलो नव्हतो.

आज उठलो आणि तिच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

"तू वायच थांब," मी तिला म्हटलं. "माजा आदी."