पिवळी वाटी

२००३ साली भाताची आवणी उरकली आणि धसईच्या वरच्या एका वाडीत ताप पसरला. मुरबाडच्या छोट्या लॅबमधली प्रेमा वाडीत जाऊन रक्त घेऊन आली. तपासणीची प्लेट म्हणजे प्लास्टिकचं ताट, त्यात बोटाच्या टोकाएवढ्या वाट्या, एकेकाच्या रक्ताला एकेक. लेप्टो, म्हणजे उंदरांमुळे पसरणारा ताप, असेल तर त्या माणसाची वाटी पिवळी होते. सगळ्या वाट्या पाण्यासारख्या राहिल्या. "लेप्टो नाही," तिने डॉक्टरांना सांगितलं आणि प्लेट फ्रिजमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती प्लेट टाकून द्यायला तिने फ्रिज उघडला, तर एक वाटी पिवळीजर्द. सावळीची, वाडीतल्या नवसूच्या बायकोची.

प्रेमाने कोऱ्या प्लेटांचं पाकीट काढलं. तोंड नीट मिटलेलं नव्हतं. ओल शोषणाऱ्या पुडीतले निळे दाणे गुलाबी पडले होते. दमट हवा शिरून प्लेटा केव्हाच बाद झाल्या होत्या. कालचा एकही निकाल धरण्यासारखा नव्हता. मग बाद प्लेटवर हा रंग आला कुठून?

"सावळी..." तिच्या तोंडून निघून गेलं. रिकाम्या खोलीत तो आवाज तिला स्वतःचा वाटेना.

डॉक्टरांना सांगून ती त्यांची जीप घेऊन निघाली.

सावळी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. डोळे हळदीसारखे पिवळे.

"आलीस गो? मगाशी हाक मारलीस, तवा बाहेर आले. तू दिसलीच नाय."

"मी आत्ता येतेय, सावळी. मगाशी मी मुरबाडला होते."

"तूच होतीस. नाव घेतलंस माजं."

प्रेमाने नवसूकडे पाहिलं. तापाने बडबडतेय असं तो म्हणेल, या आशेने.

"मला पन आयकू आलं, ताई," तो खाली बघत म्हणाला.

सावळीला जीपमध्ये घालून थेट मोठ्या दवाखान्यात नेलं. किडन्या थकत आल्या होत्या, पण ती वाचली. नव्या प्लेटवर वाडीतल्या गंगी आणि वाळूच्या वाट्याही पिवळ्या झाल्या. त्यांना वेळेत औषध मिळालं.

महिन्याभराने नवसू काकड्या घेऊन लॅबमध्ये आला.

"उपकार हायेत तुमचे," तो म्हणाला. "पन ताई, आता काय सांगायचं झालं तर समोर येऊन सांगा."

प्रेमाने मान डोलावली. फ्रिजमधल्या वाटीची गोष्ट नवसूच्या कानावर आली होती; तो फ्रिजच्या बाजूने गेला नाही. काकड्या दारातच ठेवून निघाला.