सित्त इन्शिराहला दिलेलं उत्तर

बयूमी घरात एकटा असला की कानून मांडीवर घ्यायचा, आणि बायको गेल्यापासून तो एकटाच असायचा. हे तारांचं वाद्य. बोटांना नख्या चढवायच्या आणि छेडायचं. पण त्याची तऱ्हाच निराळी. आधी बराच वेळ नुसता बसून राहायचा, मग एक ओळ वाजवायचा, पुन्हा गप्प. वरच्या मजल्यावरच्या उम्म शादियाने एकदा जिन्यात गाठून विचारलं, की उस्ताद, तुमचा रेडिओ सारखा बंद पडतोय, दुरुस्त का करून घेत नाही? घेतो म्हणाला. दुसरं काय सांगणार बिचारा? ती मधली गप्प जागा गायिका सित्त इन्शिराहची, म्हणजे इन्शिराहबाईंची होती. तिथे त्या गात होत्या आणि फक्त त्याला ऐकू येत होतं.

मव्वाल म्हणजे ठेक्याशिवायचं संथ गाणं. त्यात गाणारीने एक ओळ गाऊन थांबायचं आणि कानूनवाल्याने तीच ओळ तारांवर परत द्यायची. तीच, आणि तिच्याहून तीळभर कमी. लोकांच्या तोंडून दाद म्हणून निघणारं "अल्लाह" गाणारीचं असतं, त्यात वाटा मागायचा नाही. हे कुणी शिकवत नाही, पण न पाळणाऱ्याला उभं कोण करतं? बयूमीने सित्त इन्शिराहच्या साथीला अर्धं आयुष्य ते पाळलं. मग तांता गावच्या एका लग्नात त्याची बोटं शेफारली. बाईंच्या ओळीला त्याने शेवटी स्वतःची एक गिरकी जोडली आणि सगळा मांडव उठला. पुन्हा बयूमी, पुन्हा बयूमी. बाईंनी हसतमुखाने गाणं पुरं केलं, लोकांना सलाम केला आणि दुसऱ्या दिवशी दुसरा कानूनवाला ठेवला.

त्यानंतर बाई त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. त्याची बायको गेली तेव्हा वाजवणाऱ्यांचा अख्खा मुहम्मद अली रस्ता दारात आला, बाईंचा साधा निरोपही नाही. तेही त्याने गिळलं. एकदा, फक्त एकदा त्यांनी आपल्याकडे बघून "असू दे" म्हणावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. मुलगी कुवेतहून दर शुक्रवारी फोन करून विचारायची, बाबा, काही हवंय का? हे तिला कसं सांगायचं?

मुहम्मद अली रस्त्यावर आता वाद्यांची दुकानं कमी आणि सोफ्यांची जास्त. तरी वाजवणाऱ्यांचा एक कॅफे अजून तग धरून आहे. तिथे खंजिरीवाला शलबी रोज येऊन बसतो, आणि व्हायोलिनवाला तद्रुस रोज येऊन झोपतो. एका दुपारी शलबी तिथे बातमी घेऊन आला. सरकारी संस्कृती भवनात सित्त इन्शिराहचा सत्कार होता, बाई एक मव्वाल गाणार होत्या, आणि साथीला आपण तिघं.

"आणि कानूनला बाईंनी तुझं नाव घेतलंय," शलबी म्हणाला. "तुझंच."

बयूमीच्या हातातला चहा पार निवला. त्या आठवड्यात त्याने मिशा रंगवल्या, सगळ्या तारा बदलल्या आणि काळा कोट धुवायला टाकला. उम्म शादियाने विचारलं, की या वयात लग्नबिग्न करताय की काय? तो चक्क लाजला.

सत्काराच्या संध्याकाळी तिघं टॅक्सीत मागच्या सीटवर कोंबून बसले. कानून तिघांच्या मांड्यांवर आडवं. शलबीच्या कोटाची बटणं लागत नव्हती, तद्रुस नील ओलांडायच्या आत घोरायला लागला. पुलावर गाड्या अडकल्या तेव्हा शलबी बाहेर बघत म्हणाला, की एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. बाईंनी नाव वगैरे काही घेतलेलं नव्हतं. कानूनला कोण आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं. आयोजकाला बयूमीचं नाव शलबीनेच सुचवलं होतं, कारण मेल्याचं घरातलं एकटं वाजवणं त्याला बघवत नव्हतं.

बयूमीला उतरून पळावंसं वाटलं. पण मांडीवर कानून, एका बाजूला शलबी, दुसऱ्या बाजूला तद्रुस. पळणार कसा? शलबीला तो उरलेला रस्ताभर शिव्या देत राहिला, आणि शलबीने त्या निमूट ऐकून घेतल्या.

बाई भाचीचा हात धरून रंगमंचावर आल्या. केवढ्याशा झाल्या होत्या. खुर्चीशी येऊन त्यांनी साथीदारांकडे पाहिलं, शलबीला मान लववली, तद्रुसला लववली, बयूमीवर नजर थांबली आणि पुढे गेली. संपलं, त्याला वाटलं, आता नुसती ओळ परत द्यायची आणि घरी जायचं.

बाईंनी पहिली ओळ खाली धरली. आवाज जुन्या लाकडासारखा, पण सुरेल. बयूमीने ती जपून, तीळभर कमी अशी परत दिली. दुसऱ्या ओळीला बाई वर चढल्या. निम्म्यात आवाज फाटला आणि तिथेच बसला. सभागृहातून "अल्लाह" आलं, पण ते लहान पोराने कविता अडखळत म्हटली की म्हणतात तसलं.

आता पाळी बयूमीची. ही ओळ नीट वाजवली तर बाईंचा फाटका आवाज सगळ्या गावापुढे उघडा पडणार. त्याने ठरवायला वेळही घेतला नाही. बाई जिथे फाटल्या तिथेच त्याने तार बोटाने दाबून मुकी केली, आणि जिथे बसल्या तिथेच ओळ सोडून दिली. तद्रुस दचकून जागा झाला.

बाई खुर्चीतच वळल्या. समोर माइक सुरू आहे याचं त्यांना भान नव्हतं.

"हे काय वाजवलंस?"

"तुम्ही गायलात तेच, बाई."

"मी काय गायले ते मला कळतं. माझी कीव करतोस होय?" त्यांचा श्वास लागला होता. "मला वर जाता येत नाही, बयूमी. तुला येतं. हात राखून वाजवू नकोस. मला ऐकायचंय."

माइकमधून हे सगळ्या सभागृहाने ऐकलं. इतक्या वर्षांनी बाईंच्या तोंडून बयूमीचं नाव निघालं होतं. त्याने ती ओळ धरली आणि वर गेला, बाई ऐन उमेदीत जात तिथवर, तिथे थांबला आणि मग न घाबरता त्याच्याही वर गेला. पहिलं "अल्लाह" लोकांचं नव्हतं. ते शेजारच्या खुर्चीतून आलं. बाईंचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. मग सभागृह उठलं.

बयूमीने सवयीने तारांवरून हात उचलले आणि पुढच्या ओळीची वाट पाहू लागला. लोक बसले. शलबीने घसा खाकरला. बाई हात मांडीवर ठेवून, एखाद्या श्रोत्यासारख्या त्याच्याकडे बघत होत्या.

"बाई, पुढची ओळ," तो कुजबुजला.

"माझं झालं रे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "आता तू वाजव."

त्याने तारांकडे पाहिलं. आयुष्यभर त्याने उत्तरंच दिली होती, सुरुवात कधी केलीच नव्हती. पहिला सूर कुठून उचलतात हे त्याला माहीत नव्हतं. बाईंनी आणखी वीस वर्षं अबोला धरला असता तरी त्याला चाललं असतं, पण त्या गायला हव्या होत्या. रुसलेल्या का असेनात, कुठेतरी गात होत्या म्हणून त्याला रोज उत्तर देता येत होतं. आता रुसवा गेला, आणि गाणंही गेलं.

लोक वाट बघत होते. बयूमीने डोळे पुसले आणि कशीबशी एक ओळ सुरू केली.