त्रेचाळीस नंबरचा ट्रे

मित्रांनो, मी सहा वर्षांचा आहे. तुमच्यात सहा वर्षांचं पोर पहिलीत जातं, आमच्यात मात्र सहा वर्षं टिकलेल्याला म्हातारा म्हणतात. कारण मी एक प्लॅस्टिकचा ट्रे आहे. रंग चॉकलेटी, कडा उचललेल्या आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला. तो टवका कसा उडाला तेच सांगायचं आहे. बाकी माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही घडलेलं नाही, हे आधीच कबूल करतो.

माझा जन्म नगरच्या एमआयडीसीतला. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात ओतलं, दाबलं, थंड केलं आणि मी बाहेर पडलो. त्या दिवशी माझ्यासारखे चारशे निघाले. काही कारखान्याच्या कँटीनमध्ये गेले, काही लग्नाच्या हॉलमध्ये. मी सावेडीतल्या एका बर्गरच्या दुकानात आलो. काचेचा दरवाजा, गार हवा, भिंतीवर बर्गरचे दारासारखे मोठे फोटो. खेड्यातून आलेली माणसं आत शिरताना चप्पल काढावी की नाही, या विचारात क्षणभर थबकतात.

पहिल्या वर्षी माझे लाड झाले. दुकानाचे मालक मला स्वतः पुसायचे. पुढे सगळं सवयीचं झालं. पोरं माझ्यावर सॉसनं चित्रं काढू लागली. कचऱ्याच्या डब्याशेजारी पाटी आहे, ‘ट्रे जागेवर ठेवावा’, पण ती कुणी वाचत नाही. लोक बघतात ते बर्गरकडे, ट्रेकडे नाही. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू! पण या कामात एक गोष्ट मी शिकलो. मला हात कळतात. घाईचा हात, भुकेला हात, भांडून आलेला हात, मी सगळे ओळखतो.

तुळशीची लग्नं उरकली की आमच्या दुकानात एक वेगळंच गिऱ्हाईक येऊ लागतं. मुलगी पाहण्याचे कार्यक्रम हल्ली इथेही होतात. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी दुपारी काउंटरला लागून असलेल्या टेबलावर चार माणसं बसली. भिंगारची रोहिणी आणि तिची आई छबूबाई एका बाजूला. समोर सोनईचा कल्याण आणि त्याचे वडील आबासाहेब. रोहिणी एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. कल्याणची उसाची शेती आणि चार म्हशी. आबासाहेब पांढरीशुभ्र विजार आणि कडक इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मुलगी आधीच समोर येऊन बसलेली, त्यामुळे बिचाऱ्यांना कुठं बघावं तेच कळेना.

रोहिणीनं येतानाच काउंटरवर चार आलू टिक्की बर्गर आणि संत्र्याच्या सरबताचे चार ग्लास सांगितले होते. काउंटरवरच्या पूजाताईंनी ते माझ्यावर मांडले आणि पावतीवरच्या नंबरानं हाक दिली, “त्रेचाळीस!”

कुणी उठलं नाही.

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे? उठायचं आणि घेऊन यायचं. पण आमच्याकडे मुलाकडची माणसं पाहुणी म्हणून येतात. पाहुण्यानं बसायचं, आणायचं मुलीनं. पूजाताईंनी तीनदा हाक दिली तरी आबासाहेब मांडीवर हात ठेवून पंगतीला बसल्यासारखे बसून राहिले. छबूबाईंनी लेकीला कोपरानं ढोसलं.

“जा ना गं, घेऊन ये. पाहुणे बसलेत.”

“आई, घरी काय ठरलं होतं?”

“अगं, पण इथं दुसरं कोण आणणार?”

“चौदा वेळा ट्रे घेऊन बाहेर आले मी. पंधराव्यांदा नाही आणणार. लग्न राहिलं तरी चालेल.”

ती हळूच बोलली होती, पण ऐकू सगळ्यांना गेलं. छबूबाईंचा चेहरा उतरला. आबासाहेबांनी खिशातून मोबाईल काढला, पाहिला, परत ठेवला.

“चला मंग, कल्याण,” ते म्हणाले. “सोनईची गाडी सापडंल आजून.”

कल्याण उठला. संपलं, असं मला वाटलं. छबूबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. पण तो दाराकडे गेला नाही. सरळ काउंटरवर आला, पूजाताईंना म्हणाला, “त्रेचाळीस आमचाच हाय,” आणि त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं.

मित्रांनो, काय सांगू त्या हातांबद्दल! तळव्याला घट्टे, बोटं दोरखंडासारखी. पन्नास किलोचं युरियाचं पोतं सहज खांद्यावर टाकणारे हात ते. आणि मला धरताना ते थरथरत होते.

“अरं, तू नवरदेव हायेस का वाढपी?” आबासाहेब कडाडले.

“आबा, भूक लागलीय.”

सगळं दुकान बघत होतं. एक ग्लास सरकला. तो धरायला कल्याणनं एक हात सोडला आणि मी कलंडलो. बर्गर त्यानं पोटाशी वाचवले, पण माझा कोपरा खुर्चीवर आदळून टवका उडाला आणि गार सरबत आबासाहेबांच्या पांढऱ्याशुभ्र विजारीवर सांडलं. कल्याणनं मला टेबलावर टेकवलं, कागदी रुमाल घेऊन तो खाली बसला, आधी वडिलांचा गुडघा पुसला, मग फरशी पुसली. कान लालबुंद झाले होते त्याचे.

तेव्हा रोहिणी बोलली.

“मागच्या वर्षी माझ्या हातून चहा सांडला होता, आबा. बशीतच सांडला, कुणाच्या कपड्यांवर नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला, मुलीला वळण नाही.”

आबासाहेबांनी ओल्या विजारीकडे पाहिलं, मग पोराकडे.

“मंग आमच्या पोराला बी वळन न्हाई म्हनायचं का?”

“ते तुम्हीच सांगा.”

त्यांनी ओला गुडघा रुमालानं टिपला. मग म्हणाले, “चौदा येळा?”

“चौदा.”

“आन् दर येळंला समद्यांनी आसंच टक लावून बघितलं आसंल.”

“हो.”

आबासाहेबांनी माफी वगैरे मागितली नाही. तसं बोलणं त्यांच्या अंगात नव्हतं. त्यांनी एक बर्गर उचलला, वरच्या पावाचं झाकण काढून आधी ते खाल्लं, मग टिक्की, मग खालचा पाव. “खाऊन घ्या समदी, गार हुतंय,” एवढंच बोलले.

रोहिणीनं कल्याणला विचारलं, “ट्रे पहिल्यांदाच धरला का?”

“व्हय. लई अवघड आसतंय. समदी बघत्यात ना.”

“सवय होत नाही त्याची. चौदाव्यांदाही हात थरथरतात.”

कल्याणनं तिच्याकडे पाहून मान हलवली. ती थोडा वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग आईकडे वळून म्हणाली, “आई, मला पसंत आहे.”

छबूबाईंचा घास हातातच राहिला.

“आन् आमाला कुनी इचारायचंच न्हाई का?” आबासाहेब म्हणाले.

“मला इचारा की,” कल्याण म्हणाला, आणि सगळे हसले. आबासाहेब सगळ्यांच्या शेवटी हसले, पण हसले.

निघायची वेळ झाली. आबासाहेबांनी कचऱ्याच्या डब्याशेजारची ती पाटी वाचली, इतक्या वर्षांत कुणी वाचली नव्हती ती, एकेक अक्षर लावत. मग त्यांनी मला उचललं. वर रिकामे ग्लास, चुरगळलेले कागद. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि त्या म्हाताऱ्या हातांनाही कंप सुटला होता. रोहिणी घाईघाईनं उठली.

“द्या आबा, मी ठेवते.”

“बस पोरी,” ते म्हणाले. “तू लई उचलले.”

टवका उडालेला ट्रे गिऱ्हाइकापुढे ठेवत नाहीत. म्हणून मी आता मागच्या मोरीत असतो, धुतलेले ग्लास माझ्यावर पालथे घालतात. काम हलकं आहे, तक्रार नाही. आमच्यासारख्या वस्तू नीट वापरा, पुसून जागेवर ठेवा, हे तर मी सांगणारच. पण एक मागणं त्याहून मोठं आहे. तुमच्या घरी कधी पाहुणे बसलेले असतील आणि तुमची ताई ट्रे घेऊन आतून येत असेल, तर तिच्याकडे बघत बसू नका. उठा, पुढे व्हा आणि तो तिच्या हातातून घ्या.