तीनशे अकरावी खूण

शाळेचं मैदान लढाईनंतर एकोणीस वर्षं कुलपात होतं. जमिनीत न फुटलेले तोफगोळे होते, आणि त्यांच्या कितीतरी पट खिळे, डबे, पत्रे. धातू शोधणारं जुनं यंत्र सगळ्यांवर सारखंच ओरडायचं.

गोळे काढणाऱ्या पथकात सासरे खोदायचे. सून पूर्वी इस्पितळात हृदयाचे आलेख काढायची, आता जमिनीचे वाचायची. नवं यंत्र दोन चाकांच्या गाड्यावर होतं. ते जमिनीत चुंबकीय ठोका द्यायचं आणि पुरलेल्या धातूचं उत्तर टिपायचं. जाड गोळ्याचं उत्तर रेंगाळत विरतं, पातळ पत्र्याचं झटकन.

"धातूच्या चारशे सहा खुणा आहेत," सून म्हणाली. "गोळे सातच."

"जमीन म्हणजे काय पेशंट आहे का सूनबाई?" सासरे म्हणाले. "खोदल्याशिवाय ती कुणालाच काही सांगत नाही."

पथकप्रमुख बाईंनी तोडगा काढला. सुनेच्या सात गोळ्यांची यादी लिफाफ्यात बंद करायची आणि एकूण एक खूण खोदायची.

सोळाव्या दिवशी, तीनशे अकराव्या खुणेवर सासऱ्यांची खुरपी थांबली. मांडीएवढं जाड, गोल, गंजलेलं काहीतरी, एका टोकाला निमुळतं. त्यांनी हात वर केला. सगळे वाळूच्या पोत्यांमागे गेले.

"हा यादीत आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही," सून म्हणाली.

"मी शेकड्यांनी काढलेत पोरी, हा गोळाच आहे," सासरे म्हणाले.

सुनेने आलेख पुन्हा उघडला, दोनदा पाहिला. "दिसायला असेल, बाबा. पण पत्रा पातळ आहे. मी यादी बदलणार नाही."

बॉम्ब निकामी करणाऱ्याने दोर बांधला आणि लांबून ओढला. वस्तू घरंगळत बाहेर आली, दगडावर आपटली आणि चेपली. शेगडीचं धुराडं होतं, टोकाला चुरगळलेलं.

सासरे पोट धरून हसले. "धुराड्याने माझं नाक कापलं."

शेवटची खूण खोदून झाल्यावर बाईंनी लिफाफा फोडला आणि आकडे मोठ्याने वाचले. सात गोळे निघाले होते. तेच सात, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. सुनेला रडू आवरेना. टाळ्या वाजवणाऱ्यांत सासरे सगळ्यात पुढे होते.

पुढच्या आठवड्यात शेजारचं कुरण हाती घेतलं. तिथे पाचशेवर खुणा होत्या. सासरे खुरपी घेऊन सुनेच्या टेबलापाशी आले.

"कुठे कुठे खोदू?"

"अकरा ठिकाणी."

त्यांनी नकाशा उचलला. चार दिवसांत अकरा गोळे निघाले, आणि पाचव्या दिवशी दोघांनी मिळून कुरण बंद ठेवणारी काटेरी तार गुंडाळली.