पाच वेळा जुना ठरलेला मिक्सर

मी एक जुना मिक्सर आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका, कारण गेल्या दिवाळीत एकाच आठवड्यात मी पाच वेळा जुना ठरलो. मित्रांनो, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. गरगर फिरणं हा माझा जन्माचा धंदा, पण त्या आठवड्यात मला ज्या तऱ्हेनं फिरवलं, त्याचा उलगडा मला आजही होत नाही. तुम्हांला झाला तर कृपा करून मलाही सांगा.

सांगलीच्या एका दुकानातून सरोजिनीताईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला घेतलं. त्यांच्या यजमानांना, विजयरावांना, जयपूरला सीतापुऱ्यातल्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा रेल्वेत ताईंच्या मांडीवर बसून मी इथे आलो. खातीपुऱ्यातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं राबलो. दाण्याचं कूट, खोबऱ्याची चटणी, इडलीचं पीठ, काय म्हणाल ते. शेजारणीही आपली डाळ घेऊन यायच्या. ताई कौतुकानं सांगायच्या, "आमचा मिक्सर दगड जरी घातला तरी वाटेल." माझा आवाज मोठा आहे, हे कबूल करतो. पण कामात कुचराई केली असेन तर शपथ.

गेल्या दिवाळीच्या आधी ताईंचा मुलगा अथर्व मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आला.

"आई, जुना मिक्सर दिला की नव्यावर सूट मिळते. दिवाळीपर्यंतच आहे ऑफर."

"अरे, पण हा चालतोय की!" ताई म्हणाल्या. "आणि गेल्या वर्षी आणलेला तो दुसरा अजून खोक्यातच आहे."

"तो मतलब ज्यूसवाला आहे गं. हा तीन भांड्यांचा आहे."

ताईंनी मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि पिशवीत घातलं. बावीस वर्षांत त्या माझ्यावर कधी रागावल्या नव्हत्या, त्या दिवशीही नव्हत्या. मग मला का दिलं? मला खरंच कळलं नाही.

जवळच झोटवाड्यातल्या ऑफरच्या दुकानात ही गर्दी! दुकानदारानं माझ्याकडे न बघता झाकणावर चिठ्ठी चिकटवली, "जुना, एक", आणि मला कोपऱ्यात ढकललं. संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतला भंगारवाला आम्हा सगळ्यांना घेऊन गेला. झालं, संपलं, असं मला वाटलं. कसलं काय! दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ भंगारात आले. त्यांना नवा मिक्सर सवलतीत हवा होता आणि सूट मिळवायला जुना मिक्सर घरात नव्हता. म्हणून त्यांनी जुना विकत घेतला, म्हणजे मला. मी पुन्हा त्याच दुकानात! पुन्हा चिठ्ठी, पुन्हा कोपरा, पुन्हा भंगार. असं एकदा नाही, दोनदा झालं. दुकानदारानं मला ओळखलं नसेल? मला वाटतं, ओळखलं असेल.

चौथ्या खेपेला तर कमाल झाली. कुठल्याशा सरकारी कार्यालयातले एक बाबू आले. दिवाळीची भेट म्हणून साहेब लोकांना द्यायला त्यांना बारा नवे मिक्सर न्यायचे होते, सणाच्या सरकारी खर्चातून. त्यांनी सूट मिळवायला भंगारातून बारा जुने उचलून दुकानात दिले, त्यात मी होतो. कागदावर लिहिलं गेलं की, आम्ही बाराही जण त्या कार्यालयात वापरून वापरून निकामी झालो. अहो, मी त्या कार्यालयाची पायरीसुद्धा पाहिली नाही! निकामी कसा झालो? जाऊ द्या, सरकारी कागदापुढे मिक्सरनं काय बोलायचं?

त्या संध्याकाळी भंगारवाला त्याच्या बायकोला म्हणाला, "दिवाळी झाली की सगळे फोडायचे आणि आतली तांब्याची तार काढायची." मित्रांनो, मी खूप घाबरलो. फुटायचं भय तर होतंच, पण जास्त वाईट याचं वाटलं की, इतक्या हातांतून गेलो तरी एकानंही माझं बटण दाबून पाहिलं नव्हतं. मी चालत होतो हो!

रूपचौदसेला, म्हणजे आपल्या नरकचतुर्दशीला, ऑफरचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी विनयाताईंनी मला भंगारातून उचललं. त्या मूळच्या साताऱ्याच्या, इथल्या एका सरकारी इस्पितळात रुग्णांचा आहार ठरवतात. दुकानातल्या रांगेत मला मांडीवर घेऊन बसल्या, तेव्हा शेजारच्या बाईंशी त्यांचं बोलणं झालं. त्यावरून मला सगळं समजलं.

त्यांच्या वॉर्डात जबड्याचं ऑपरेशन झालेले रुग्ण होते. त्यांना चावता येत नव्हतं, सगळं बारीक वाटून पातळ करून द्यावं लागे. वॉर्डातला मिक्सर होळीलाच बंद पडला. नव्यासाठी विनयाताईंनी तेव्हाच अर्ज केला होता. तोवर स्वयंपाकाच्या गंगूबाई चाळणीवर खिचडी घासून घासून गाळत, आणि तरी कणी राहायचीच. पवन नावाचा रिक्षावाला तर ठसका लागेल या भीतीनं खायलाच तयार नव्हता. त्याचं वजन रोज घटत होतं.

"पैसे नाहीत म्हणतात," विनयाताई चिडून म्हणाल्या. "आणि काल इस्पितळाच्या फाटकावर लाइटचे चार हत्ती उभे केलेत! शेवटी म्हटलं, स्वतःच घ्यावा."

बोलता बोलता त्यांची नजर माझ्या झाकणावर गेली. एकावर एक चार चिठ्ठ्या, आणि दुकानदार पाचवी लावायच्या बेतात.

"भैया, जरा पिन लावून बघू?"

"मॅडमजी, ऑफरला चालायची गरजच नाही!"

विनयाताईंनी ऐकलं नाही. पिन लावली, बटण दाबलं. मी असा काही ओरडलो की सगळं दुकान मागे वळून बघायला लागलं.

"अगं बाई, हा तर चालतोय!" त्या म्हणाल्या. "मग मी रांगेत कशाला बसलेय?"

तासाभरात मी वॉर्डाच्या स्वयंपाकघरात होतो. दिवेलागण झाली होती. तिथे भिंतीत एकच प्लग होता आणि त्यात खिडकीवर सोडलेल्या रोषणाईच्या माळांची पिन होती. विनयाताईंनी हात पुढे केला तशा गंगूबाई घाबरल्या. "मॅडमजी, बडे साहब फोटो खिंचवाने आ रहे हैं!"

रोषणाईचं काम बघणारे देवेंद्रजी धावतच आले. "मॅडम, माळा बंद दिसल्या तर मला जाब विचारतील."

"माझं नाव सांगा. बंद विनयानं केल्या."

त्यांनी पिन उपटली. खिडकी काळोखी झाली आणि मी सुरू झालो. मुगाची खिचडी, दुधी, चमचाभर तूप. दोनदा फिरवलं, गंगूबाईंनी बोटानं चाचपून पाहिलं, कणी नाही. पवननं पहिला घोट भीतभीतच घेतला. ठसका लागला नाही. त्यानं वाटी संपवली आणि पुन्हा पुढे केली. तेव्हा विनयाताईंनी पदरानं डोळे पुसले, आणि देवेंद्रजी माळांची वायर गुंडाळायला लागले.

दिवाळी झाल्यावर विनयाताईंच्या अर्जाचं उत्तर आलं. नवीन मिक्सर देता येत नाही, कारण सणाच्या सजावटीमुळे तरतूद शिल्लक नाही. ताईंनी ते दोनदा वाचलं. इतक्या फेऱ्यांत माझा एक रबरी पाय कुठेतरी पडला होता, त्यामुळे मी चालताना डुगडुगत असे. त्यांनी त्या कागदाची चौपदरी घडी केली आणि माझ्या त्या बाजूला खाली सारली. आता मी अजिबात हलत नाही.

मित्रांनो, घरात नवं जरूर आणा, मी कोण नको म्हणणार? पण कुणालाही जुना ठरवण्याआधी तो चालतो का, एवढं तरी विचारा. बरं, आता पुरे, गंगूबाई दुधी चिरून उभ्या आहेत.